डोमेनच्या नावात हायफन घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान, गृहउद्योग, क्लास किंवा मंडळाची वेबसाइट काढायचं ठरलं की पहिलं घोडं नावापाशीच अडतं. हवं ते नाव कोणीतरी आधीच घेतलेलं असतं आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकणारी साइट लगेच सुचवते, मधे हायफन, म्हणजे छोटी आडवी रेघ, घालून उपलब्ध आहे. तिथून पुढे पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डोमेनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. छोट्या व्यवसायांची नावं मनाने रचलेली आहेत. मोठ्या कंपन्या आणि खटले खरे आहेत.

एका वाक्यात सांगा, हायफन घ्यायचा का?

शक्यतो नाही. जोडून लिहिलेलं नाव मिळत असेल तर ते घ्या आणि हे पान इथेच बंद केलंत तरी चालेल. अपवाद दोन आहेत: व्यवसायाच्या मूळ नावातच हायफन असणं, किंवा शब्द जोडल्यावर भलताच अर्थ निघणं. या दोन्ही वेळीसुद्धा बिनहायफनचं नाव तुमच्याच ताब्यात असायला हवं.

मला हवं ते नाव गेलंय. हायफन घालून मिळतंय. घेऊ?

आधी बिनहायफनच्या पत्त्यावर काय आहे ते उघडून बघा. उत्तर जवळजवळ पूर्णपणे त्यावर ठरतं.

तिथे तुमच्याच धंद्यातलं कोणी असेल तर विषय संपला. समजा तुम्ही 'देवगड-आमराई' घेतलंत आणि 'देवगडआमराई'वर दुसरा बागायतदार आंब्याच्या पेट्या विकतोय. तुम्ही जाहिरातीवर केलेल्या खर्चातला काही भाग त्याच्या गल्ल्यात जाणार, कारण लोकांच्या लक्षात नाव राहतं, मधली रेघ राहत नाही. वर त्याच्या पेटीत आंबे खराब निघाले तर शिव्या तुम्हाला. असं नाव फुकट मिळालं तरी घेऊ नये.

तिथे अगदी वेगळ्या क्षेत्रातलं किंवा परदेशातलं कोणी असेल तर गिऱ्हाईक पळण्याची भीती कमी. पण ईमेलचा धोका तेवढाच राहतो आणि याचा विचार फार थोडे लोक करतात. वेबसाइट चुकली तर माणूस मागे येऊन पुन्हा शोधतो. ईमेल चुकली तर तशी संधीच मिळेल असं नाही. डोमेनचा मालक आपल्या डोमेनवर येणारी कुठल्याही नावाची मेल स्वीकारायची अशी सोय करून ठेवू शकतो. मग पाठवणाऱ्याकडे मेल परत येत नाही, तुमच्याकडे पोहोचत नाही, आणि पॅन कार्डाची प्रत किंवा रक्ततपासणीचा अहवाल तिसऱ्याच्याच इनबॉक्समध्ये पडलेला असतो. सीए, वकील, डॉक्टर यांनी तर दुसऱ्याचं बिनहायफनचं नाव शेजारी असताना हायफनवालं डोमेन घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी शक्यता अशी की तिथे काहीच नाही, फक्त 'विक्रीस उपलब्ध' अशी पाटी. मग किंमत विचारून बघा. विचारताना आपला व्यवसाय किती मोठा आहे हे पहिल्याच मेलमध्ये सांगू नका.

त्या नावाची मुदत संपली आहे असं दिसतंय. दुसऱ्या दिवशी मला मिळेल का?

नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली तरी मूळ मालकाला रिन्यू करायला साधारणपणे ४५ दिवसांपर्यंत सवलत असू शकते. त्यानंतर ३० दिवस जास्त पैसे भरून सोडवून घेता येतं, आणि मग ५ दिवसांनी नाव खरंच मोकळं होतं. चांगली नावं तर तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, मधेच लिलावात काढते. तेव्हा कॅलेंडरवर खूण करून वाट बघत बसण्यापेक्षा दुसरं नाव शोधलेलं बरं.

हायफनमुळे फोनवर नाव सांगायला खरंच एवढा त्रास होतो?

होतो. तुम्ही हायफन म्हणता, समोरचा 'म्हणजे डॅश का?' विचारतो, तिसरा त्याला मायनस म्हणतो आणि चौथा खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर टाकतो. डोमेनच्या नावात अंडरस्कोर चालतच नाही, त्यामुळे साइट उघडत नाही आणि 'तुमची वेबसाइट बंद आहे' असा निरोप येतो. मोबाइलवर हायफन टाईप करायला बहुतेक कीबोर्डवर आधी आकडे आणि चिन्हांच्या पानावर जावं लागतं. रिक्षाच्या मागे, स्थानिक रेडिओवर किंवा गणेशोत्सवाच्या मंडपातल्या माईकवर जाहिरात करणाऱ्याला हे सगळं महागात पडतं. गिऱ्हाईक फक्त व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून येत असेल तर फारसा फरक पडत नाही, हेही खरं.

नाव पक्कं करण्याआधी एक चाचणी करा. गावाकडच्या मामांना किंवा आत्याला फोन लावा, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांनी काय टाईप केलं त्याचा स्क्रीनशॉट मागवा.

या चाचणीत हायफनपेक्षा मोठी भानगड बाहेर येते. मराठी नावाचं रोमन स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं असतं. हापूसमधला ऊ कोणी एका यूने लिहितो, कोणी दोन ओंनी. चादर की चद्दर, त्यात डी एक की दोन? व साठी व्ही की डब्ल्यू? सांगोल्यातल्या आ साठी ए एक की दोन? दुसरं डोमेन घ्यायला पैसे असतील तर ते हायफनवाल्या जुळ्या नावावर घालवण्याआधी लोक करतात त्या दुसऱ्या स्पेलिंगवर घाला. मराठी नावांपुरतं तरी मी हाच क्रम लावीन.

शब्द जोडले की माझं नाव विचित्र वाचलं जातंय. आता?

हा हायफनच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा. संगणक तज्ज्ञांना प्रश्न विचारायची 'एक्सपर्ट्स एक्स्चेंज' ही जुनी अमेरिकन साइट याचं ठरलेलं उदाहरण आहे. जोडून लिहिलेलं त्यांचं नाव रोमन लिपीत 'एक्सपर्ट सेक्स चेंज' असंही वाचता येत होतं. शेवटी त्यांनी मधे हायफन घातला.

मराठीत असे नमुने कमी नाहीत. 'कलाकारखाना' हे नाव कला आणि कारखाना असं फोडायचं की कलाकार आणि खाना असं? हस्तकलेचं दुकान असेल तर एक अर्थ, मेस असेल तर दुसरा. 'शिवआनंद' रोमनमध्ये जोडलं की 'शिवानंद' होतं आणि भलत्याच माणसाचं नाव वाटतं.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे अक्षरांचे आकार. पहिला शब्द व ने संपला आणि दुसरा व ने सुरू झाला की रोमनमध्ये दोन व्ही शेजारी येतात आणि ते डब्ल्यूसारखे दिसतात. 'गावविकास' घेऊ पाहणाऱ्या संस्थेने हे कागदावर छापून बघावं. आर आणि एन शेजारी आले तर लहान लिपीत एम वाटतो, त्यामुळे 'सागरनगर' सोसायटीचं नाव लांबून 'सागमगर' दिसतं. 'कोकणनारळ'मध्ये दोन एन आहेत, लोक एकच टाकतात.

अशा वेळी हायफन घालण्याआधी नाव थोडं बदलता येतं का ते बघा. पुढे गावाचं नाव, मागे 'घर', 'मळा', 'अँड सन्स' असं काहीतरी जोडलं तर बऱ्याचदा प्रश्न मिटतो. नाव बदलणं शक्यच नसेल, म्हणजे पाटी पन्नास वर्षं तीच असेल, तर हायफनवालं मुख्य ठेवा आणि जोडलेलं घेऊन त्याच्याकडे वळवा.

हायफनने शब्द वेगळे दिसतात, म्हणून गूगलवर साइट वर येते असं ऐकलंय.

जुनी गोष्ट आहे. एके काळी लोक शोधात टाकतील तेच शब्द हायफनने जोडून डोमेन घेण्याची लाट होती. 'स्वस्त-चांदीचे-दागिने-पुणे' छापाची नावं त्याच काळातली. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने केवळ नाव शोधशब्दांशी जुळतं म्हणून वर येणाऱ्या, पण आत दर्जा नसलेल्या साइट खाली ढकलणारा बदल केला. डोमेनमधल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ परिणाम होत नाही, असं गूगल स्वतः आपल्या मार्गदर्शिकेत सांगतं. हायफनसाठी शिक्षा होत नाही, बक्षीसही मिळत नाही. एखादा सल्लागार केवळ या कारणासाठी हायफनवालं डोमेन गळ्यात मारत असेल तर त्याच्या बाकीच्या सल्ल्यांकडेही जरा संशयाने बघा.

मग बातम्यांच्या आणि लेखांच्या पत्त्यांत एवढे हायफन का असतात?

ती जागा वेगळी. पत्त्यात तिरप्या रेघेच्या पुढे जे येतं ते पानाचं नाव. तिथे शब्दांमध्ये हायफन वापरा, अंडरस्कोर वापरू नका, असं गूगलच सांगतं. ते पत्ते कोणी हाताने टाईप करत नाही, त्यामुळे फोनवरची अडचण तिथे येत नाही.

मराठी साइटवाल्यांसाठी याला एक शेपूट आहे. पानाचं नाव देवनागरीत ठेवलं तर कॉपी करताना अनेकदा त्याचं टक्केचिन्हांच्या जंजाळात रूपांतर होतं. एका 'क'ची नऊ चिन्हं होतात, काना-मात्रांची वेगळी. चार शब्दांचं शीर्षक व्हॉट्सॲपवर चार-पाच ओळी खातं. म्हणून बरेच जण पानाची नावं रोमनमध्ये, हायफन घालून ठेवतात.

मोठ्या कंपन्या तर सर्रास हायफन वापरतात की!

वापरतात, कारण त्यांच्या नावात तो जन्मापासून आहे. मर्सिडीज-बेंझ, कोका-कोला, हार्ले-डेव्हिडसन, शब्दकोशवाले मेरियम-वेबस्टर. जाहिरातीवर अफाट पैसा ओतून ते नाव त्यांनी हायफनसकट लोकांच्या डोक्यात बसवलंय. जर्मनीत तर हायफनवाली डोमेन अगदी नेहमीची मानली जातात. तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या सरकारी साइटच्या पत्त्यातही हायफन आहे. जर्मन गिऱ्हाइकांना माल विकणार असाल तर तिकडचा सल्ला वेगळा असेल. सोलापुरातून चादरी विकताना तो उपयोगाचा नाही.

तांत्रिक नियम काय आहेत?

टिंबांच्या मधल्या एका भागात जास्तीत जास्त ६३ चिन्हं, हायफन धरून. रोमन अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. नावाच्या सुरुवातीला आणि शेवटी हायफन चालत नाही. लहान आणि कॅपिटल अक्षरं एकच धरली जातात. तिसऱ्या आणि चौथ्या जागी लागोपाठ दोन हायफन ही जागा राखीव आहे, ती कशासाठी ते पुढच्या उत्तरात.

देवनागरीत डोमेन घेतलं तर हायफन लागतो का?

'डॉट भारत' हा देवनागरी पत्ता ऑगस्ट २०१४ पासून मिळतो, मराठी आणि कोकणीसाठीही. देवनागरीत सामासिक शब्द जोडून लिहायची आपली सवयच आहे. 'कोकणमेवा' वाचताना कोणी अडखळत नाही, त्यामुळे हायफनची गरज रोमनपेक्षा कमी पडते. व्ही-डब्ल्यूचा घोळ नाही, हापूसच्या स्पेलिंगचा वाद नाही. ह्रस्व-दीर्घाचा मात्र आहे.

आतून इंटरनेटला अजूनही रोमन अक्षरंच कळतात. त्यामुळे प्रत्येक देवनागरी नावाचं एक रोमन रूप तयार होतं आणि त्याची सुरुवात 'एक्स', 'एन' आणि दोन हायफन अशी होते. राखीव जागा यासाठीच. तुमच्या देवनागरी नावातच एक हायफन असेल तर या रूपात सुरुवातीला लागोपाठ चार हायफन येतात. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने किंवा ईमेल प्रोग्रॅमने मूळ नावाऐवजी ते रूप दाखवलं की गिऱ्हाइकाला वाटतं, ही काहीतरी व्हायरसची लिंक आहे. देवनागरी पत्ता जरूर घ्या, पण तूर्त रोमन पत्त्याच्या जोडीला. ऑनलाइन फॉर्म अनेकदा देवनागरी ईमेल स्वीकारत नाहीत.

हायफनवाली नावं फसवी असतात असं लोक का म्हणतात?

सगळी नसतात, पण ही शंका हवेतून आलेली नाही. 'तुमचं केवायसी अपडेट करा' छापाच्या मेसेजमधली लिंक बघा. बँकेचं नाव, हायफन, केवायसी, हायफन, अपडेट, अशी रचना वारंवार दिसते. बँकेचं खरं नाव पत्त्यात दिसतं म्हणून माणूस फसतो.

यातली खोच टिंबात आहे. टिंबाने जोडलेली नावं एकाच वाड्यातल्या खोल्या, हायफनने जोडलेलं नाव म्हणजे कोणीही बांधलेला दुसरा वाडा. 'लॉगिन', टिंब, मग बँकेचं डोमेन, असा पत्ता फक्त ती बँकच बनवू शकते. बँकेचं नाव, हायफन, 'लॉगिन' हा पत्ता कोणीही घेऊ शकतो. म्हणून पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा.

भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी खास 'बँक डॉट इन' हे डोमेन जाहीर केलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. ही नोंदणी आयडीआरबीटी या संस्थेमार्फत फक्त बँकांनाच मिळते. पतसंस्था, विमा एजंट, गुंतवणूक सल्लागार अशा पैशांच्या व्यवहारातल्या लोकांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा: तुमची हायफनवाली लिंक गिऱ्हाइकाला फसवणुकीच्या मेसेजसारखी दिसण्याची शक्यता आता आणखी वाढली आहे.

दोन्ही घेऊन ठेवली तर?

उत्तम, आणि परवडतं. एक मुख्य ठरवा, दुसरं त्याच्याकडे कायमचं वळवा. तांत्रिक भाषेत ३०१ रीडायरेक्ट. दोन्हींवर तीच साइट वेगवेगळी चालवू नका. आणि हे राहून जातं: वळवलेल्या नावालाही सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर साइट वळण्याआधीच ब्राउझर लाल इशारा दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे त्याला, फक्त सांगावं लागतं.

नावाजलेल्या ब्रँडच्या नावात हायफन घालून मी डोमेन घेतलं, तर कायदा काय म्हणतो?

हायफन तुम्हाला वाचवत नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या वादांसाठी १९९९ पासून एक आंतरराष्ट्रीय लवाद पद्धत आहे. तिथे हायफन वाढवल्याने किंवा काढल्याने नाव वेगळं ठरत नाही, असंच वारंवार ठरलं आहे. डॉट इनसाठी निक्सी या संस्थेची तशीच पद्धत आहे.

आपल्या न्यायालयांचाही सूर तोच. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ'च्या विरोधात 'रॅडिफ' उभं होतं, फरक एका अक्षराचा, आणि निकाल रेडिफच्या बाजूने गेला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी'च्या प्रकरणात, जिथे दुसऱ्याने एक एफ वाढवला होता, डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं हे स्पष्ट केलं. एका अक्षराने जिथे सुटका झाली नाही तिथे एका आडव्या रेघेने होईल अशी आशा धरू नये. उलट बाजूने, तुमच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कमध्ये हायफन घालून कोणी धंदा करत असेल तर याच वाटा तुम्हालाही खुल्या आहेत.

'पैठणी', 'पेढे' अशा सामान्य शब्दांवर मात्र कोणाचाच मक्ता नसतो, तिथे तक्रार टिकणं अवघड.

हायफनवालं डॉट कॉम की बिनहायफनचं डॉट इन?

डॉट इन. गिऱ्हाईक भारतातलं असेल तर विचारही करू नका. परदेशातल्या मराठी घरांना दिवाळी फराळ पाठवण्याचाच धंदा असेल तर थोडं थांबा, कारण डॉट इन हा पत्ता भारतासाठी आहे असं गूगल धरून चालतं. तेव्हा एखादा शब्द बदलून बिनहायफनचं डॉट कॉम शोधा.

इन्स्टाग्रामवर तेच नाव ठेवता येईल का?

हायफनसकट नाही. तिथे अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. म्हणजे साइटवर हायफन, इन्स्टाग्रामवर अंडरस्कोर, आणि हॅशटॅगमध्येही हायफन चालत नाही. गिऱ्हाइकाने कुठलं लक्षात ठेवायचं?

पत्रिका, बोर्ड छापताना काय सांभाळायचं?

ओळ तुटू देऊ नका. नाव हायफनपाशी तुटून दुसऱ्या ओळीवर गेलं की तो हायफन नावातला की ओळ मोडली म्हणून आलेला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दुसरं, वर्डसारखे प्रोग्रॅम काही वेळा साध्या हायफनची आपोआप लांब रेघ करतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण संगणकासाठी ती वेगळी चिन्हं आहेत आणि तिथून कॉपी केलेला पत्ता उघडत नाही. छापखान्याला मजकूर पाठवण्याआधी ती रेघ खोडून पुन्हा टाईप करा. सोबत क्यूआर कोड छापला तर निम्मा त्रास वाचतो.

एकाहून जास्त हायफन चालतील?

नियमात बसतात. घेऊ नका.

माझं डोमेन आधीपासून हायफनवालं आहे आणि आता बिनहायफनचं मिळतंय. बदलू का?

किंमत रास्त असेल तर लगेच विकत घ्या. बदलायचं की नाही हे नंतर ठरवा, तोवर नवं नाव जुन्याकडे वळवून ठेवा. साइट जुनी असेल, गिऱ्हाइकांना हायफन तोंडपाठ असेल, तर हलवण्याची गरजही नसते.

हलवायचंच ठरलं तर सणासुदीचे दिवस टाळा. जुन्या साइटचं प्रत्येक पान नव्या साइटवरच्या त्याच पानाकडे वळवा. सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवणं हा आळस आहे आणि त्याने गूगलमधली जागा जाते. गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सर्च कन्सोल या सेवेत पत्ता बदलल्याची नोंद करा. वळवणं निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, जुनं डोमेन सोडूच नका. त्या पत्त्यावरची ईमेल बँकेत, जीएसटी पोर्टलवर आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये नोंदलेली असते. तुम्ही सोडलेलं नाव उद्या दुसऱ्याने घेतलं तर पासवर्ड बदलण्याच्या मेल त्याच्याकडे जातील. आधी या सगळ्या ठिकाणचा ईमेल पत्ता बदला, आणि तरीही जुनं नाव दरवर्षी रिन्यू करत राहा.